शाळेचं विरजण

तहसीन मुजावर धावता धावता थांबली आणि मैदानाच्या कडेला जाऊन मांडी घालून बसली. पाय मुरगळला नव्हता, दमही लागला नव्हता. दुकानाच्या पायरीवर कुणाची वाट बघत बसावं, तशी ती निवांत बसली.

शलाका निकमने तोंडातली शिट्टी काढली आणि तरातरा तिच्याकडे गेली. जिल्हा स्पर्धेची निवड चाचणी चालू होती. पंधराशे मीटरमध्ये तहसीनच्या आसपास पोचेल अशी मुलगी साताऱ्यातल्या कुठल्याच शाळेत नव्हती. शलाका तिला पाचवीपासून घडवत आली होती.

"काय झालं गं?"

"काही नाही मॅडम. पुढे जावंसंच वाटेना."

"सकाळी काय खाल्लंस?"

तहसीनने आठवून पाहिलं. "चहा घेतला."

"आणि काल रात्री?"

"भूक नव्हती."

"उपास धरलास की काय? रोजे तर केव्हाच संपले."

"नाही मॅडम. खरंच भूकच नव्हती."

शलाकाचा पारा चढला. मोबाईलवर काटकुळ्या बायका बघून पोरींनी जेवण सोडायचं हे खूळ तिला नवं नव्हतं. तिने तहसीनला चारचौघींत चांगलंच फैलावर घेतलं. पोरगी खाली मान घालून ऐकत राहिली. उलट बोलली नाही, रडली नाही. तिच्या कोपरांची हाडं वर आलेली शलाकाला तेव्हा पहिल्यांदा दिसली. मुळात तहसीन अंगाने किरकोळच. तिच्यातून आणखी काय कमी होणार होतं?

आणि ती एकटी नव्हती. धावणाऱ्या चमूतल्या आणखी दोघी याच आठवड्यात असंच म्हणाल्या होत्या. डायटिंग करणाऱ्या पोरी डबा लपवतात, खोटं बोलतात. या मात्र डबा उघडून, बघून, पुन्हा बंद करत होत्या.

शलाका या शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून लागली तेव्हा मैदान मैदानासारखं होतं. मग त्याच्या एका अंगाला संगणकांची इमारत उभी राहिली आणि दुसऱ्या अंगाला शाळेच्या बस लागू लागल्या. उरलेल्या तुकड्यावर एका वेळी जेमतेम एक वर्ग मावायचा. खेळाचे तास आठवड्याला दोन, त्यातलाही एक गणिताचे सर हमखास मागून न्यायचे. आणि पोरं वर्षागणिक जड होत चालली होती. सहावीतली मुलं एक जिना चढून भिंतीला टेकायची. सातवीतल्या एका मुलाला मधुमेहाच्या गोळ्या चालू झाल्या, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत दिवसभर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

सरकार हातावर हात ठेवून बसलं होतं असं नाही. एका वर्षी प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटं नाच आला. पुढच्या वर्षी पावलं मोजणारे मनगटी पट्टे आले. सातवी 'क'च्या पोरांनी ते आठवड्याभरात छताच्या पंख्याला बांधले आणि सातवी 'क' राज्यात पहिली आली. मग उपाहारगृहातून वडापाव हद्दपार झाला. दुसऱ्याच दिवशी फाटकाबाहेर वडापावची गाडी लागली. दर बैठकीत शलाका उठून तेच सांगायची. मैदान परत द्या, रोज एक तास खेळायला द्या, शाळेत नीट स्वयंपाक करायला माणसं द्या, आणि जड मुलांशी कसं बोलावं हे आधी आम्हा शिक्षकांना शिकवा. तिचं म्हणणं इतिवृत्तात लिहिलं जायचं आणि तिथेच राहायचं.

त्यानंतर 'समतोल' आलं.

समतोल म्हणजे ताक. छोट्या बाटलीतलं, जिरं घातलेलं, चवीला छान. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. निरुपमा केळुसकर यांनी ते तयार केलं होतं. पन्नाशीच्या, बोलायला मऊ, पायात कायम कॅनव्हासचे बूट. मोहिमेच्या पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर आतडं काढून शिक्षकांना सगळं समजावून सांगितलं होतं.

आपण जेवतो तेव्हा लहान आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात. ते मेंदूला कळवतं, की पुरे, पोट भरलं. काही मुलांच्या शरीरात हा निरोप उशिरा पोचतो, काहींच्यात फार क्षीण पोचतो. ती मुलं हावरट नसतात. त्यांना 'पुरे' ऐकूच येत नाही. त्याचीच औषधं बाजारात होती, पण ती महाग, बरीचशी टोचून घ्यायची, आणि लाखो मुलांना वर्षानुवर्षं कोण देणार? केळुसकरांनी दही लावणाऱ्या जिवाणूच्या जनुकांत एक भर घातली. हा जिवाणू आतड्यात गेला, की एक बारीकसं प्रथिन बनवतो आणि ते त्या पेशींना ढोसून जागं करतं. निरोप वेळेवर जातो. मूल दोन पोळ्यांवर थांबतं. तेही हसत.

"आणि हा जिवाणू बाहेर पसरला तर?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं होतं.

"नाही पसरणार. त्याला जगायला एक खास पोषकद्रव्य लागतं, ते तो स्वतः बनवू शकत नाही. ते आम्ही फक्त या बाटलीत घालतो. बाटली बंद झाली, की चार-पाच दिवसांत तो उपाशी मरतो."

वजन ठरावीक रेषेच्या वर असलेल्या मुलांनाच ते ताक मिळायचं. त्यात शलाकाचा मुलगा होता. शार्दूल.

शार्दूल आठवीत होता. क्रीडाशिक्षिकेचा मुलगा आणि असा, हे वाक्य शलाकाने इतक्यांदा ऐकलं होतं, की लोक मनात म्हणाले तरी तिला ऐकू यायचं. तिने त्याला पहाटे उठवून अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळवलं होतं. त्याच्या डब्यातून बटाटा काढला होता, साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला होता. नवरा विश्वजित चाकणच्या कारखान्यात, शनिवारी घरी यायचा तो पेढे घेऊन, आणि मग दोघांचं वाजायचं. समतोल सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत शार्दूलचे गाल उतरले. तो वर्गाच्या कबड्डी चमूत उभा राहिला आणि कुणी हसलं नाही. एका संध्याकाळी तो अभ्यासात इतका गुंतला, की जेवायचं विसरला. शलाका स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडली होती.

भूक कमी होणं तिला चांगलंच वाटत होतं, म्हणून तर तहसीनचं काही बिनसलंय, हे ध्यानात यायला तिला इतका उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तहसीनच्या घरी गेली. तहसीनची आई, शबाना, शिवणयंत्रावरून उठली. लेकीचं खाणं आटलंय हे तिच्याही ध्यानात आलं होतं.

"डॉक्टरांनी टॉनिक दिलंय मॅडम. पण ती एकटीच नाही. सासूबाई दिवसातून दोन घास खातात. म्हणतात, पोट भरलंय. माझंही तसंच. मी म्हटलं, चला, शिलाईला वेळ मिळतो." ती हसली. "बसा ना, दहीभात तरी खाऊन जा. दही असं लागतंय आजकाल, सुरीने कापावं. आणि आंबट म्हणून होत नाही."

शलाका वाटीकडे बघत राहिली. पांढरंशुभ्र दही, वर पाण्याचा थेंब नाही.

"विरजण कुठलं?"

"शाळेचं की! आमचा अयान पाचवीत आहे ना, तो जाडा म्हणून त्याला समतोल मिळतं. दिवाळीच्या सुट्टीत बाटल्या घरी दिल्या होत्या. एक उरली. टाकवेना, म्हणून चमचाभर कोमट दुधात घालून बघितलं. पहिल्यांदा पाणीच झालं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आमच्या जुन्या दह्यात मिसळून लावलं, तेव्हापासून असं. गल्लीत सगळ्यांनी नेलंय विरजण. चमूतल्या त्या दोघी इथल्याच ना, त्यांच्या आयांनीसुद्धा."

शलाकाने वाटी खाली ठेवली. तिच्या घरी दही पिशवीतलं यायचं, म्हणून हे तिला कधी दिसलंच नव्हतं. तिने शबानाकडून झाकणाच्या डब्यात थोडं दही मागून घेतलं आणि तिथूनच केळुसकरांना फोन लावला.

"अशक्य आहे," केळुसकर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बर्फात घालून पाठवा."

आठवडा संपायच्या आत त्या स्वतः साताऱ्याला आल्या. शाळेच्या प्रयोगशाळेच्या बाकावर बसून शलाकाशी बोलताना त्या सारख्या चष्मा काढत होत्या, पुसत होत्या, पुन्हा घालत होत्या.

"तो जिवंत आहे. बाटलीतल्या पोषकद्रव्याशिवाय."

"कसा?"

"घरच्या दह्यात पन्नास प्रकारचे जिवाणू असतात हो. आम्ही प्रयोगशाळेत त्याला एकट्याला उपाशी ठेवून बघितलं होतं, तिथे तो मरायचा. घरच्या भांड्यात शेजारी होते. जिवाणू एकमेकांना जनुकं देतात-घेतात. जे आम्ही त्याच्यातून काढून घेतलं होतं, ते कुठल्या तरी शेजाऱ्याने परत दिलं. एका रात्रीत त्यांच्या कितीतरी पिढ्या होतात, आणि दही तर रोज लागतं." त्यांनी पुन्हा चष्मा काढला. "आणि सगळ्यात वाईट काय सांगू? आमच्या बदलामुळे दही घट्ट होतं, आंबत नाही. जे विरजण छान, तेच बायका एकमेकींना देणार. आमच्या जिवाणूला माणसांनीच निवडून निवडून घरोघर नेलं."

"तहसीनला काय होणार?"

"आता तो आतड्यात वस्तीला राहतो. दिवसरात्र 'पुरे, पुरे' म्हणत राहतो. जाड मुलाला बाटलीभर डोस ठीक आहे. पण वाढत्या वयाच्या सडपातळ मुलीला... मोहीम थांबवायला हवी. लगेच."

बैठक मुख्याध्यापक भोईटे सरांच्या खोलीत झाली. मोहिमेचे संचालक जहागीरदार पडद्यावर होते. त्यांच्या मागे फुलदाणी होती आणि पुढे आलेख. जूनपासून समतोल सगळ्या राज्यात न्यायचं ठरलं होतं, घोषणा तोंडावर आली होती.

"तुमची शाळा तर अग्रगण्य आहे," जहागीरदार म्हणाले. "हे बघा. कुमारी तहसीन मुजावर, वजनघट उल्लेखनीय. हिरवा बाण."

"साहेब, ती मोहिमेत नाहीच आहे," शलाका म्हणाली. "ती आधीच किडकिडीत होती. तिचं वजन कमी होणं वाईट आहे."

"वजन सर्वांचंच नोंदवतो आपण."

"हो, पण बाण सगळ्यांना एकच आहे! खाली गेलं की हिरवा. फार खाली गेलं तर लाल व्हायला नको का?"

"तशी तरतूद प्रणालीत नाही. मोहीम स्थूलतेची आहे ना मॅडम. कुपोषणाची वेगळी मोहीम असते, तिचा विभाग वेगळा."

केळुसकरांनी शांतपणे जनुकांचं सगळं पुन्हा सांगितलं. जहागीरदारांनी ऐकून घेतलं.

"मॅडम, आदर राखून सांगतो. घरी दही लावतं कोण आता? एका डबाभर दह्यावरून राज्याची मोहीम अडवायची? तुम्ही अहवाल द्या, समिती बघेल."

पडदा काळा झाला. केळुसकर अहवालाची तयारी करायला निघून गेल्या. शलाकाही उठली, तेव्हा भोईटे सरांनी दार लोटलं.

"निकम मॅडम, आमच्याकडेही तेच विरजण आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्या आईला दोन महिने अन्न जात नाही. आम्ही म्हटलं, वय झालं."

"मग आत्ता बोलला का नाहीत?"

"निवृत्तीला वर्ष राहिलंय हो."

"सर, तुमची आई आहे!"

"दही आजच फेकतो," ते म्हणाले आणि खुर्चीवरचा टॉवेल उगाच सारखा करत राहिले.

अहवाल समितीकडे गेला. समितीने उपसमिती नेमली. उपसमितीने नमुने मागवले, मग ठरावीक पद्धतीच्या डब्यात नाहीत म्हणून परत पाठवले. शलाका रोज फोन करायची. रोज कुणी तरी नवीन माणूस तिचं म्हणणं पहिल्यापासून ऐकून घ्यायचा. गल्लीतल्या आयांना तिने दही टाकायला लावलं होतं, पण जिवाणू आधीच पोटात बसला होता.

आणि मग तहसीन शाळेच्या जिन्यात कोसळली. तिच्या रक्तातली साखर आणि क्षार इतके उतरले होते, की दवाखान्यात तिला थेट अतिदक्षता विभागात नेलं. शबाना बाहेरच्या बाकावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मीच खाऊ घातलं मॅडम. चांगलं म्हणून मीच वाढलं."

शलाकाने तिचा हात धरला. दवाखान्यातूनच तिने केळुसकरांना फोन केला.

"इलाज आहे," केळुसकर म्हणाल्या. "फक्त याच जिवाणूला खाणारा एक विषाणू असतो. माणसाला काही करत नाही. आम्ही सुरुवातीपासून तो तयार ठेवलाय, कॅप्सूलमध्ये. पण परवानगी समितीची लागते."

"आणि समिती कधी भरणार?"

पलीकडे किल्ल्या खुळखुळल्या.

"मी गाडीत बसते," केळुसकर म्हणाल्या. "तिथल्या डॉक्टरांना मी स्वतः सांगते. लेखी देते, की जबाबदारी माझी."

घरी आल्यावर शलाकाने शार्दूलला समोर बसवलं. लपवण्यात अर्थ नव्हता. शनिवारी सगळ्या पालकांना मैदानावर बोलावून हे उघड सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. तिने त्याला तहसीनचं आणि त्या औषधाचं सांगितलं; आणि हेही, की मोहीम बंद पाडावी लागणार, आणि मोहीम बंद पडली, की त्याचीही बाटली बंद.

"मग मला परत भूक लागणार," शार्दूल म्हणाला. तो विचारत नव्हता.

"लागेल. आपण बघू ना. पळायला जाऊ, डॉक्टरांना दाखवू..."

"ते सगळं आधी केलंय आई." त्याचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "तुला नाही कळणार. मी वर्गात बसायचो ना, तेव्हा डोक्यात कुणी तरी सतत बोलायचं. डबा, डबा, डबा. बाई शिकवायच्या ते मागे ऐकू यायचं. आता तो गप्प झालाय. मी पहिल्यांदा पूर्ण धडा ऐकला."

"शार्दूल, ती पोरगी मरता मरता वाचतीय."

"मग तिला बरं करा ना! गल्लीतल्या सगळ्यांना ते औषध द्या. माझी बाटली कशाला बंद करायची? माझं काय चुकलं?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. बाटलीतूनच पुन्हा पुन्हा विरजण जाणार, पुन्हा तेच होणार, हे तिने समजावून सांगितलं. त्याला ते समजलं. समजल्यामुळे तो आणखी चिडला आणि दार आपटून गच्चीवर निघून गेला.

विश्वजितचा फोन आला तेव्हा तोही तेच म्हणाला. "तूच कशाला पुढे होतेस? डॉक्टरबाई बघतील ना. पोरगं पहिल्यांदा आनंदात आहे, शलाका."

"मला दिसत नाही का ते?" ती ओरडली आणि फोन ठेवून दिला.

शनिवारी मैदानाचा तो तुकडा माणसांनी भरून गेला. शलाकाने ध्वनिक्षेपक घेतला आणि आडवळणं न घेता सांगितलं. शाळेच्या ताकाचं विरजण लावलं असेल तर फेकून द्या, भांडी उकळा. घरात कुणाची भूक मेली असेल तर दवाखान्यात या. मोहीम थांबवा असं सगळ्यांनी मिळून लिहून द्या.

आधी कुजबूज झाली. मग रेवती ढाणेची आई उठली.

"तुमच्या पोराचं काम झालं म्हणून आता आमच्या पोरीचं बंद पाडताय? रेवतीला वर्गात कोण काय काय म्हणायचं, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"ठाऊक आहे. आणि माझ्याही मुलाचं बंद होणार आहे."

"तो तुमचा प्रश्न! ज्यांनी दही लावलं त्यांनी भोगावं. आम्ही नाही लावलं."

"तुमच्या शेजारणीने लावलं असेल. तिच्या घरात लहान मूल असेल..."

"मग आमच्या पोरीने काय करावं ते सांगा ना! तुमच्याकडे दुसरं काय आहे? हे मैदान?" बाईंनी हात फिरवला. एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला इमारत. कुणी तरी हसलं. "इथे पळवणार होय?"

शलाकाकडे उत्तर होतं. ती ते कितीतरी वर्षं देत आली होती. ते आत्ता या बाईला देऊन काय उपयोग, या विचाराने तिने ध्वनिक्षेपक खाली ठेवला. लेखी कागदावर सह्या झाल्या त्या तहसीनच्या गल्लीतल्या आणि आणखी थोड्याफार. मागे उभे असलेले भोईटे सर सही न करताच आत गेले.

सोमवारी तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली. परवानगीविना सभा घेतली, शासकीय मोहिमेविरुद्ध अफवा पसरवली. समितीला न विचारता तहसीनला कॅप्सूल दिली म्हणून केळुसकरांना त्यांच्या संस्थेने चौकशी होईपर्यंत रजेवर पाठवलं.

आणि त्याच महिन्यात मोहीम थांबली. शलाकामुळे नाही, तहसीनमुळे तर नाहीच. मुंबईत कुण्या बड्या अधिकाऱ्याच्या आईला अन्न जाईना म्हणून दवाखान्यात ठेवलं, आणि तिच्या साताऱ्याच्या बहिणीने सणाला भेट म्हणून विरजण पाठवलेलं निघालं, असं कानावर आलं. मग जी परवानगी इतके दिवस मिळत नव्हती ती एका दुपारात मिळाली. कॅप्सूलची खोकी आली. बाटल्या परत गेल्या. वर्तमानपत्रात छापून आलं, की तज्ज्ञांच्या वेळीच लक्षात आल्याने अनर्थ टळला.

शलाकाची नोटीस मात्र कुणी मागे घेतली नाही.

तहसीन तोवर घरी आली होती. शलाका तिला भेटायला गेली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर ताट होतं, आणि ती दोन्ही गालांत बिर्याणी कोंबत होती. शबाना समोर बसून नुसती बघत होती.

"मॅडम, काय भूक लागते सांगू!" तहसीन घास गिळून म्हणाली. "पोटात दुखतं इतकी. मस्त वाटतं."

शलाका खूप दिवसांनी मोकळेपणी हसली. त्या घरातून ती जवळजवळ उड्या मारत बाहेर पडली.

समतोलच्या पुढच्या आवृत्तीबद्दलची बैठक लगेच लागली. यावेळी जिवाणू दुधात वाढणारच नाही, गोळीतून देणार, असं नवे शास्त्रज्ञ सांगत होते. शलाकाने उठून मैदानाचं सांगितलं, तासाचं सांगितलं, स्वयंपाकाचं सांगितलं, शिक्षकांना शिकवण्याचं सांगितलं. पडद्यावर जहागीरदारच होते. "नोंद घेतली," ते म्हणाले.

त्या रविवारी दुपारी ती भाकऱ्या थापत होती. शार्दूलची बाटली बंद होऊन पंधरवडा झाला होता. तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा. आज मात्र तो हाक न मारता आला आणि स्वयंपाकघरात ओट्याजवळ पाटावर बसला. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. दोन भाकऱ्या त्याने भराभर संपवल्या. तिसरीही संपवली.

"आई, अजून एक दे ना."

तव्यावरची भाकरी नुकतीच फुगली होती. शलाकाने ती उलथन्यावर घेतली, त्याच्या ताटाकडे वळली, आणि तिचा हात थांबला. अर्धा क्षण असेल. तिने काही ठरवून थांबवला नव्हता. तिची नजर आधी ताटाकडे गेली, मग त्याच्या पोटाकडे, मग पुन्हा ताटाकडे.

शार्दूलने ते पाहिलं.

"भुकेचं काही नाही गं," तो म्हणाला. रागाने नाही, समजावून सांगावं तसं. "भूक मी सहन करीन. पण हे बघणं असतं ना, सगळ्यांचं... ते गेलं होतं."

शलाकाला बरंच काही बोलायचं होतं. केळुसकरांनी फळ्यावर काढलेलं आतडं, उशिरा पोचणारा निरोप, यात कुणाचाच दोष नसतो, सगळं तिला पाठ होतं. तिने भाकरी त्याच्या ताटात ठेवली.

"खा," ती म्हणाली.

तो खाईना. भाकरीची वाफ विरत गेली. तिने गॅस बंद केला, पिठाचे हात तसेच घेऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि ती भाकरी मधोमध मोडली. अर्धी त्याच्यापुढे सरकवून उरलेली स्वतः भाजीत बुडवून खाऊ लागली. त्याच्याकडे न बघता, समोरच्या कपाटाकडे बघत.

बऱ्याच वेळाने त्याने आपला तुकडा उचलला.